ओल्या थराची टाकी

थोरल्या वहिनींच्या त्या पत्राला परंतुसाहेबांनी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज द्यायचं होतं. सकाळी चहाबरोबर द्यायचं होतं, दुपारी पेपर वाचून झाल्यावर द्यायचं होतं, संध्याकाळी फिरायला निघताना खिशात पेनही असायचं. पण उत्तर काही कागदावर उतरेना, आणि दातात अडकलेल्या काडीसारखं ते पत्र त्यांना दिवसभर सलत राही.

पत्र तसं लहानच. वहिनींच्या बोलण्यासारखं, धडाधड.

"भावोजी, फोन तुम्ही उचलत नाही, समोर आलं की पुस्तकात तोंड घालता, म्हणून लिहिते आहे. सोबत आकृती आहे. डिझेल साठवायची नवी टाकी केली आहे. पेटंटसाठी अर्ज दिला, तर एका मोठ्या कंपनीने विरोध नोंदवला. म्हणतात, यात नवीन काही नाही. तुम्ही जन्मभर हेच तपासत आलात. यात नवीन काही आहे का? कायद्याला काय वाटतं ते नंतर बघू. तुम्हाला काय वाटतं ते लिहा."

परंतुसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेटंट कार्यालयात ते परीक्षक होते. लोकांनी लावलेले शोध खरंच नवे आहेत की आधीच कोणी कुठे छापून ठेवलेत, हे शोधून काढायचं त्यांचं काम. अर्ज कितीही चांगला असला तरी त्यांच्या शेऱ्यात कुठेतरी "परंतु" यायचाच, म्हणून सहकाऱ्यांनी नाव पाडलं ते कायमचं चिकटलं. निवृत्तीच्या समारंभात ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सर्वांनी मला फार प्रेम दिलंत, परंतु..." आणि पुढे काय म्हणायचं होतं ते काही केल्या आठवेना. तसेच खाली बसले. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

निवृत्तीनंतर मित्रांनी आग्रह करून त्यांना पेटंट एजंट म्हणून नोंदवायला लावलं होतं. त्या नोंदणीचा उपयोग ते एवढाच करत की कोणी अर्ज लिहून मागितला तर घरी बसून लिहून द्यायचे. सुनावणीला उभं राहायची वेळ आली की त्यांना हमखास ताप यायचा.

"जाऊबाईंना उत्तर दिलंत का?" बायकोने विचारलं.

"लिहितोय."

"लिहिताय की खोडताय? केराच्या टोपलीत कागद मावेनासे झालेत."

खरं होतं. प्रत्येक कागदावर एकच वाक्य होतं. "टाकी चांगली आहे, परंतु". एका कागदावर "परंतु" खोडून "तथापि" केलेलं होतं.

शेवटी वहिनीच आल्या. दार उघडंच होतं. चपला काढता काढताच म्हणाल्या, "भावोजी, चला. पत्र वाचता येत नसेल तर टाकी डोळ्यांनी बघा."

"वहिनी, मी उत्तर लिहायलाच बसलो होतो."

"माहीत आहे. तुम्ही कधीपासून बसलेलेच आहात. चष्मा घ्या आणि गाडीत बसा."

वहिनींचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. थोरला भाऊ गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता शेड भाड्याने देईल. बाईने शेड वाढवली. एका टोकाला पत्रे गोल वाकवायचं यंत्र कण्हत होतं, दुसऱ्या टोकाला ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या, आणि मध्ये, रंग न दिलेल्या, हत्तीच्या पाठीसारख्या करड्या टाक्या ओळीने उभ्या होत्या. अशा टाक्या दवाखान्यांच्या मागे, बसच्या डेपोत, मोठ्या इमारतींच्या आवारात जनरेटरच्या डिझेलसाठी लागतात. जमिनीत पुरायच्या नाहीत, वरच ठेवायच्या. म्हणूनच आगीची भीती.

"टाकीत टाकी," वहिनी म्हणाल्या. "आतल्यात डिझेल, बाहेरची चिलखतासारखी, आणि मधल्या वीतभर फटीत इन्सुलेशन. बाहेर आग लागली तर आतलं डिझेल तापता कामा नये. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच आहे. आम्ही फटीत हे जाळीदार काँक्रीट ओततो. साबणाच्या फेसासारखं हलकं. आणि ते ओलं असतानाच बाहेरची टाकी बंद करून टाकतो."

"वाळल्यावर," परंतुसाहेब म्हणाले.

"ओलं असताना."

"वाळल्यावर म्हणायचंय तुम्हाला, वहिनी. ओलं इन्सुलेशन म्हणजे इन्सुलेशन नसल्यासारखंच."

मागे उभा असलेला फोरमन खो खो हसत सुटला. त्याच्या हातातला पाना खाली पडला. "बाई, हेही गेले कामातून!"

"हसू नका हो," वहिनी म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. "भावोजी, सगळे हेच म्हणतात. काँक्रीट पुरवणारा म्हणाला. आगीच्या चाचणीवाला म्हणाला. आमचे जावईबापू म्हणाले, आणि त्यांना तर टाकीतलं ओ का ठो कळत नाही!"

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. आधी तेही इतरांसारखे थर वाळवतच असत. गरम हवेचे पंखे लावून, आठवडेच्या आठवडे. एकदा आगीच्या चाचणीसाठी टाकी पाठवायची होती. दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या, एक वाळलेली आणि एक वाळायची. फोरमनने वाळायच्या टाकीवर खडूने मोठ्या अक्षरांत "ओली" असं लिहिलं होतं. रंगारी त्या दिवशी कधी नव्हे तो वेळेवर आला आणि दिसेल त्याला रंग फासून गेला. खडू रंगाखाली गेला, आणि नेमकी ओली टाकी वरून बंद होऊन चाचणीला गेली.

"मैदानात टाकीखाली आग पेटवली. मीटरचा काटा चढत चढत गेला आणि पाणी उकळतं त्या आकड्यावर रुसून बसला. पुढे जाईचना. चाचणीवाले मीटर बिघडला म्हणून मीटरला टपल्या मारत होते. इकडे टाकीचा एक सांधा फाटला आणि त्यातून अशी वाफ सुटली, अशी सुटली की सगळे पळाले."

"तुम्ही?"

"मीही पळाले. पण मागे बघत पळाले."

परंतुसाहेबांना पहिल्यांदा टाकीकडे बघावंसं वाटलं. थरातलं पाणी उकळत होतं, तोवर सगळी उष्णता ते उकळण्यातच खर्च होत होती. आतल्या टाकीपर्यंत ती पोचतच नव्हती. हे त्यांना आता कळलं. शाळेतल्या मुलालाही समजावं इतकं सोपं होतं. त्याचीच त्यांना भीती वाटली. सोपं दिसलं की विरोधक म्हणणार, हे कोणालाही सुचलं असतं.

वाफेला वाट हवी म्हणून वहिनींनी बाहेरच्या टाकीला वर भोकं पाडून ती मेणाच्या बुचांनी बंद केली होती. एरवी पाणी आत राहतं, आग लागली की मेण वितळतं आणि वाफ मोकळी होते. गंज चढत नाही, कारण सिमेंटच्या कुशीत लोखंड गंजत नाही, खांबातल्या सळईसारखं.

"ती कंपनी आत्तापासूनच आमच्या गिऱ्हाइकांना सांगत फिरतेय, थोडे दिवस थांबा, हीच टाकी आम्ही देतो," वहिनी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "पेटंट गेलं तर त्यांच्या मोठमोठ्या कारखान्यांतून ती पावासारखी निघेल. आम्ही पुन्हा पाण्याची पिंपं जोडत बसू. आणि तीही किती दिवस? ही सगळी माणसं..." त्यांनी शेडकडे नुसती मान वळवली. "आमचा एजंट त्याच कंपनीचंही काम बघतो असं निघालं. त्याने हात वर केले. सुनावणी तोंडावर आलीय. तुम्ही उभे राहा."

"मी? वहिनी, मला बोलता येत नाही."

"तुम्हाला बोलता छान येतं. फक्त वाक्य अर्ध्यावर आलं की तुम्ही उलटे फिरता आणि स्वतःच्याच अंगावर धावून जाता."

परंतुसाहेबांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. वहिनींनी ते हो धरलं.

घरी येऊन त्यांनी कामाला सुरुवात केली ती त्यांना येत होती त्या एकमेव पद्धतीने. वहिनींची बाजू मांडायच्या ऐवजी त्यांनी वहिनींच्या विरुद्ध शेरा लिहायला घेतला, जणू ते अजून परीक्षकच होते आणि अर्ज त्यांच्याच टेबलावर आला होता. टाकीत टाकी जुनीच. मधला थर जुना. मेणाची बुचं दुसऱ्या यंत्रांत आधीपासून होती. त्यांनी एकेक पान असं घट्ट विणलं की त्यातून सुई जाऊ नये.

दुपारी बायकोने चहा ठेवता ठेवता वाचलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. "अहो, हे तर तुम्ही त्या कंपनीच्या बाजूने लिहिलंय!"

"हं."

"आणि त्यांच्यापेक्षा चांगलं लिहिलंय!"

"तेच तर," परंतुसाहेब कसनुसं तोंड करून म्हणाले. "हे वाचून मलाच पटलं. वहिनींना काय सांगू?"

"पण शेवट कुठे आहे? सही कुठे आहे?"

शेवट नव्हता. शेवटच्या वाक्यापाशी पेन अडलं होतं. पेटंट नाकारायचं तर एक वाक्य लिहावंच लागतं, की हे त्या कामातल्या साध्या जाणकार माणसाला सहज सुचलं असतं. ते वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल याला गणती नव्हती. हात आपोआप चालायचा. आज "थर ओला ठेवणे हे सहज सुचले असते" एवढं लिहून हात थांबला होता.

"मी खोटं लिहू शकत नाही," ते म्हणाले.

"खोटं काय आहे त्यात?"

"मला नाही सुचलं. सुचणं सोडा, वहिनींनी तोंडाने सांगितलं तरी मी त्यांना दुरुस्त करायला गेलो. वाळल्यावर म्हणायचंय तुम्हाला, असं म्हणालो मी. टाक्यांचे सगळे कागद वाचलेला माणूस मी. मला ती त्यांची चूक वाटली."

बायकोने चहाचा कप त्यांच्या जवळ सरकवला. "मग इतरांना काय वाटलं होतं?"

"सगळ्यांनाच चूक वाटली." परंतुसाहेब उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांना कळलं नाही, म्हणून पुन्हा बसले. "अगं, ज्याला त्याला चूक वाटते ती गोष्ट सगळ्यांना सहज सुचणारी कशी असेल?"

"हे मला सांगून काय उपयोग," बायको म्हणाली. "तिकडे सांगा."

सुनावणीच्या दिवशी त्यांना ताप आला नाही. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. त्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. टेबलाच्या एका टोकाला अधिकारी बाई, दुसऱ्या शहरातून आलेल्या, परंतुसाहेबांना अनोळखी. समोर कंपनीचे वकील, गुळगुळीत आवाजाचे. त्यांच्याशेजारी कंपनीने आणलेले तज्ज्ञ, एक गोल चेहऱ्याचे, आनंदी प्राध्यापक, ज्यांनी टाक्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. परंतुसाहेबांनी तो ग्रंथ दोनदा वाचला होता आणि त्यांना प्राध्यापकांना तसं सांगावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. त्यांच्या एका बाजूला वहिनी बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला फोरमन, मांडीवर जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन.

वकील बोलायला उठले. "मॅडम, माझे ज्येष्ठ मित्र आयुष्यभर अर्ज नाकारत आले. आज ते एक मंजूर करून घ्यायला आलेत, हा मोठा योग आहे." खोलीत हसू पिकलं. परंतुसाहेबही घाबरून हसले. मग वकिलांनी एकेक मुद्दा पत्त्यासारखा टेबलावर टाकला. टाकीत टाकी जुनी. थर जुना. बुचं जुनी. थर ओला ठेवणं कोणालाही सुचलं असतं. आणि समजा सुचलं नसतं, तरी हा शोध नव्हेच, रंगाऱ्याचा गोंधळ आहे. शिवाय ओल्याने लोखंड गंजून जाईल, म्हणजे टाकी कामाचीही नाही. प्राध्यापकांचं शपथपत्र सोबत आहे.

"अर्जदारांची बाजू?" अधिकारी बाई म्हणाल्या.

परंतुसाहेब उभे राहिले. कागद हातात होता, पण त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळत होती. "माननीय... यात... म्हणजे..." त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. वहिनींनी टेबलाखालून त्यांच्या कोटाचं टोक घट्ट धरलं. आधार द्यायला की पळून जाऊ नयेत म्हणून, कोण जाणे.

"थांबा, तुम्ही सुरू करायच्या आधी," अधिकारी बाई आपल्या समोरचा अर्ज चाळत म्हणाल्या, "एक साधी गोष्ट विचारते. वाचताना मी इथे पेन्सिलने खूण केली होती. मुख्य दाव्यात तुम्ही लिहिलंय, मधला थर ओला असताना टाकी बंद करणे. ही टंकलेखनातली चूक आहे ना? कोरडा असताना, असं हवंय?"

परंतुसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग वहिनींकडे. वहिनींनी ओठ दाताखाली घट्ट धरले होते. फोरमन छताकडे बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

आयुष्यात कधी नव्हे ते परंतुसाहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"नाही, मॅडम. ती चूक नाही. तिथे ओलाच हवा आहे." त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "पण आपण विचारलंत, याबद्दल मी आपला अतिशय आभारी आहे. परवानगी असेल तर मला तज्ज्ञ सरांना थोडं विचारायचं आहे."

बाईंनी मान हलवली.

"सर, तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलंय," परंतुसाहेब म्हणाले.

"अरे वा!" प्राध्यापक खुलले. "कोणीतरी वाचलं म्हणायचं!"

"समजा, तुमच्या देखरेखीखाली अशी टाकी बनते आहे. कामगाराने थर वाळायच्या आतच बाहेरची टाकी जोडून टाकली. तुम्ही काय कराल?"

"काल्पनिक प्रश्न आहे," वकील अर्धवट उठत म्हणाले.

पण प्राध्यापकांना प्रश्न आवडला होता. "काय करणार? कापायला लावेन! बाहेरची टाकी कापून काढायची, थर वाळवायचा, पुन्हा जोडायची. आणि त्या कामगाराला चार शब्द सुनावेन ते वेगळं."

"का सर?"

"का म्हणजे काय? ओल्या थरातून उष्णता सरळ आत जाते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं."

"म्हणजे कोणीच तो मुद्दाम ओला ठेवणार नाही?"

"शुद्धीवर असलेला कोणीच नाही!"

वकिलांनी डोळे मिटले. परंतुसाहेबांनी शपथपत्राचं पान उघडलं.

"सर, इथे तुमच्या शपथपत्रात शेवटी लिहिलंय की थर ओला ठेवणं हे या कामातल्या कोणालाही सहज सुचलं असतं. मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय. शुद्धीवर असताना सुचलं असतं, की नसताना?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टिपणं घेणारा कारकून फिसकन हसला आणि त्याने खोकल्याचं सोंग केलं. प्राध्यापकांनी शपथपत्र हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं, आणि वकिलांकडे वळून अगदी निरागसपणे विचारलं, "हे वाक्य तुम्ही घातलंत ना?"

"मॅडम, माझ्या ज्येष्ठ मित्रांनी शब्दांत पकडलंय," वकील म्हणाले. गुळगुळीतपणा जरा खरबरीत झाला होता. "सर सर्वसाधारण प्रथेबद्दल बोलत होते."

"मीही प्रथेबद्दलच बोलतोय," परंतुसाहेब म्हणाले. त्यांना वाक्य मध्येच थांबवावंसं वाटलंच नाही. "आपल्या अशिलांच्या माहितीपुस्तकात छापलंय, ओला थर आढळल्यास टाकी परत पाठवा. ते पुस्तक आपणच पुराव्यात दिलंय. मॅडम, ओल्या टाक्या सगळ्यांच्याच कारखान्यात कधी ना कधी निघाल्या असतील. सगळ्यांनी त्या कापल्या, परत पाठवल्या, माणसांना बोल लावले. रंगाऱ्याने गोंधळ घातला, हे खरं. पण गोंधळ बघून सगळे मीटरला टपल्या मारत होते, आणि वहिनी... क्षमा करा, अर्जदार... टाकीकडे बघत होत्या. शोध लागला तो तिथे."

"आणि गंज?" अधिकारी बाईंनी विचारलं.

परंतुसाहेबांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमनने मांडीवरचं कापड सोडलं आणि लोखंडाचा तुकडा बाईंच्या समोर ठेवला. टेबल दणकलं. पाण्याच्या बाटल्या हलल्या. "पहिल्या दिवसांतल्या टाकीच्या आतल्या अंगाचा पत्रा आहे, मॅडम. काँक्रीट कालच खरवडून काढलं." बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, बोट उलटं करून पाहिलं, आणि पत्रा वकिलांकडे सरकवला. वकिलांनी हात लावला नाही. प्राध्यापकांनी मात्र तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि स्वतःशीच म्हणाले, "छान आहे की."

"माझे ज्येष्ठ मित्र हुशार आहेत," वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण त्यांना एखादी गोष्ट सुचली नसती, म्हणजे ती जगात कोणालाच सुचली नसती असं होत नाही."

"खरं आहे," परंतुसाहेब म्हणाले. "माझं सोडून द्या. मला पुष्कळ गोष्टी सुचत नाहीत. मी तर अर्जदारांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचं चुकतंय. सरांनाही सुचली नाही. आपल्या अशिलांना सुचली नाही. मॅडमनाही वाचताना ती टंकलेखनाची चूक वाटली. मग ज्यांना ही गोष्ट सहज सुचली असती, ती माणसं आहेत कुठे? एकाला तरी बोलवा. मी खाली बसतो."

आणि ते खाली बसले. कोटाचं टोक अजून वहिनींच्या मुठीत असल्यामुळे जरा तिरके बसले.

अधिकारी बाई आतल्या खोलीत गेल्या. परत यायला त्यांना फार वेळ लागला नाही. लेखी आदेश सविस्तर येईल, त्या म्हणाल्या, पण निर्णय आत्ताच सांगते. टाकीत टाकी आणि मेणाची बुचं एकेकटी जुनी आहेत. थर मुद्दाम ओला राखून वाफेला वाट देणं हे मात्र जुनं नाही आणि सहज सुचणारंही नाही. विरोध अर्ज फेटाळला. पेटंट द्यावं.

वहिनींनी मग जे केलं ते त्या खोलीत बहुधा कोणीच केलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा लोखंडाचा तुकडा उचलून छातीशी धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ओलीच हो, ओलीच!"

दारात प्राध्यापकांनी परंतुसाहेबांना गाठलं. "पुस्तकाची पुढची आवृत्ती काढतोय. हे त्यात घालावं लागणार. तुम्ही एकदा वाचून द्याल का? तुमच्यासारखा खोट काढणारा मिळत नाही हो." परंतुसाहेब लाजून लाल झाले आणि म्हणाले, "तिसऱ्यांदा वाचेन."

कारखान्यात बातमी आधीच पोचली होती. गाडी फाटकातून आत शिरली आणि वेल्डर, रंगारी, पत्रे वाकवणारे, सगळे रिकाम्या टाक्यांवर हातोड्यांनी घणाघण ठोकू लागले. शेड नुसती दुमदुमली. आवाज पत्र्यांवरून पायांत उतरत होता. रंगाऱ्याला दोघांनी खांद्यावर घेतलं होतं आणि तो ओरडत होता, "खाली ठेवा, मी काही नाही केलं, मी फक्त रंग दिला!" परंतुसाहेबांची बायको शेजारच्या रस्त्याने पायीच येऊन पोचली होती. तिने कानांवर हात ठेवले होते आणि चेहरा असा झाला होता की जणू तिनेच सुनावणी जिंकली. एका वेल्डरने परंतुसाहेबांच्या हातात हातोडा दिला. ते संकोचले. मग त्यांनी टाकीवर एक ठोका दिला. फार हळू लागला. दुसरा जोरात दिला. तो इतका दणदणीत वाजला की ते स्वतःच दचकले, आणि सगळी शेड हसली.

"भावोजी," गोंगाट जरा ओसरला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पण माझं उत्तर राहिलंच की."

"अहो, जिंकलो ना आपण!"

"ते कायद्याचं उत्तर. मी पत्रात काय विचारलं होतं? तुम्हाला काय वाटतं."

"वाटतं म्हणजे... वहिनी, तुम्हाला आता माहीतच आहे."

"मला काही माहीत नाही. मी पत्राची वाट बघतेय."

परंतुसाहेब फोरमनच्या लाकडी केबिनमध्ये जाऊन बसले. कागद मागितला. बाहेर ठोके पडतच होते आणि टेबल त्यांच्या तालावर थरथरत होतं, म्हणून अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

"ती. थोरल्या वहिनींस, सा. न. वि. वि.

आपण विचारलंत, यात नवीन काही आहे का. आहे. मला पहिल्या दिवशी ती तुमची चूक वाटली, म्हणून मी हे खात्रीने सांगू शकतो. दादा असता तर त्यानेही तुम्हाला दुरुस्त केलं असतं आणि तोही हरला असता. टाकी फार सुंदर आहे."

खाली सही केली. पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर काहीतरी खोडावंसं वाटलं असतं.

"द्या इकडे," वहिनींनी केबिनच्या दारातून हात पुढे केला.

"नाही," परंतुसाहेब पाकीट चिकटवत म्हणाले. "तुमचं पोस्टाने आलं होतं, माझंही पोस्टानेच येईल."

"आता एवढ्याशा अंतरासाठी?"

"वाट बघताय म्हणालात ना. बघा."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले आणि आपल्या जावेकडे पाहिलं. "बघितलंस? एक सुनावणी जिंकली आणि आवाज चढला!"

"चढू देत," बायको म्हणाली. "किती वर्षांनी चढलाय."

कोपऱ्यावर पत्रपेटी होती, बाजूच्या दुकानातून तिकीट मिळालं. बायकोने ते नीट चिकटलंय की नाही हे दाबून पाहिलं. परंतुसाहेबांनी पाकीट फटीत घातलं आणि सोडलं. आत ते टपकन पडलं. मग दोघं घराकडे चालू लागली, आणि मागे कारखान्यात कोणीतरी अजून टाकीवर ठोकतच होतं.